सिएरा लुमिनाची पावती

१

पानं अजून उचलायची होती. मठ्ठ्याचं भांडं घेऊन मी पंगतीत फिरत होते, तेवढ्यात जिन्यावरून आमचे हे ओरडले, "गेलं! कार्ड गेलं!"

मला आधी वाटलं, एटीएमचं. धावत गेले तर हे वरच्या पायरीवर उभे, हातात रिकामी पेटी, आणि घरातलं कुणी गेल्यासारखा चेहरा. माझे वडील गेले तेव्हासुद्धा असा चेहरा झाला नव्हता ह्यांचा. खोटं कशाला बोलू, त्या घाईतही ते मला दिसलं आणि मी जळले.

"सिएरा लुमिनाचं?" मागून पाहुण्यांपैकी व्यंकटरावांनी विचारलं.

"तेच," हे म्हणाले आणि मटकन पायरीवर बसले.

ज्यांना ह्या वेडाची लागण झालेली नाही, त्यांना जरा सांगायला पाहिजे. माझे यजमान दत्तोपंत कंधारकर. नोकरीतून निवृत्त झाले, रेडिओतून झाले नाहीत. लोक गाणी ऐकायला रेडिओ लावतात, हे खरखर ऐकायला लावतात. त्या खरखरीतून सातासमुद्रापलीकडचं एखादं केंद्र चुकूनमाकून ऐकू आलं की काय काय ऐकलं ते लिहून त्या केंद्राला पाठवायचं. केंद्रानं तपासून पाहिलं, त्यांना पटलं, की ते पावतीचं कार्ड धाडतात. ही मंडळी त्याला क्यूएसएल म्हणतात, मी पावती म्हणते. नांदेडजवळच्या असर्जनमधल्या आमच्या घराची वरची खोली अशा पावत्यांनी भरलेली आहे. शेवग्याच्या झाडापासून गच्चीपर्यंत ताणलेली तार तिथं आत येते आणि एका काळ्या सेटला जोडलेली असते. तो सेट म्हणजे माझी सवत. माझ्या भाच्याच्या लग्नाला जायचं म्हटलं की ह्यांचा गुडघा दुखतो, आणि आफ्रिकेत कुणी खाकरलं की हे पहाटे टुणकन उठून बसतात!

सिएरा लुमिना हे दक्षिण अमेरिकेच्या डोंगरातलं एक चिमुकलं केंद्र. आता कायमचं बंद पडलंय. आपल्याकडच्या मंडळींत ते कुणाला कधी सापडलं नव्हतं. बंद पडताना त्यांनी जी शेवटची कार्डं पाठवली, त्यांतलं एक आमच्याकडं आलं. ह्यांनी नांदेड-लातूरच्या आपल्या कंपूला फोन लावले, "आमच्या घरी सिएरा लुमिना आलंय, रविवारी जेवायला या." कार्ड मात्र कुणाला दाखवलं नाही, मलाही नाही. "जेवण झाल्यावर, सगळ्यांसमोर," म्हणाले.

"मला काय करायचंय तुमचं कार्ड?" मी सकाळीच फणकारले होते. "एक दिवस सगळ्या पावत्या बंबात घालणार आहे मी." पाहुणे तेव्हा दारात चपला काढत होते. सगळ्यांनी ऐकलं आणि हसले.

आता कुणी हसत नव्हतं. व्यंकटराव म्हणाले की पिशव्या बघून घ्या, तर हे ताडकन म्हणाले, "माझ्या घरात पाहुण्यांच्या पिशव्या उघडायच्या न्हाईत." मग माझ्याकडं वळले. आवाज अगदी हळू होता, पण पंगत शांत होती, सगळ्यांना ऐकू गेला.

"विनीता, रागाच्या भरात तू तर नाही ना काही केलंस?"

२

मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी इतकी आपटून घासली की शेजारची जगताप डोकावून गेली. पाहुण्यांच्या पिशव्यांना हात लावायचा नाही, आणि बायकोला भर पंगतीत विचारायचं! उभा जन्म ह्यांच्या रेडिओपायी मिक्सर दिवसाउजेडी लावला, पाण्याची मोटार ह्यांना विचारून सोडली. त्याचं हे फळ.

पाहुणे मुकाट्यानं निघून गेले. हे खालच्या पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडले ते संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. मला तेव्हा कुल्फीची आठवण झाली.

मटक्यातली कुल्फी केली होती मी, खवा घालून. खालच्या फ्रिजमध्ये जागा नव्हती म्हणून वरच्या बोळात, सवतीच्या खोलीच्या दाराशी जो जुना फ्रिज आहे, त्यात ठेवलेली. ह्यांना बजावलं होतं, "आज त्या फ्रिजला हात लावाल तर याद राखा." कारण तो फ्रिज सुरू असला की रेडिओत घर्र आवाज येतो आणि हे बटण बंद करून टाकतात. किती वेळा माझं दूध नासलंय त्यापायी.

वर गेले, दार उघडलं आणि कपाळावर हात मारला. कुल्फीचं पाणी झालं होतं. वीज गेली असावी म्हणावं, तर खालचा फ्रिज चालू. बघते तर भिंतीवरचं बटण बंद.

"अहो!" मी जिन्यातूनच ओरडले. "केलंतच ना शेवटी?"

हे पडल्या पडल्या म्हणाले, "देवाशपथ, मी हात लावला नाही."

ह्या माणसाला खोटं बोलता येत नाही. भाजी खारट झाली तर खारट झाली म्हणतात, पाहुण्यांसमोरसुद्धा. मी बटणाकडं बघत उभी राहिले. पानं मांडायच्या आधी पापडाचा डबा आणायला मी वर आले होते, तेव्हा एका मटक्यातली कुल्फी दाबून पाहिली होती. दगडासारखी घट्ट होती. बोंबाबोंब झाल्यानंतर वर कुणी फिरकलं नव्हतं. म्हणजे जेवणाच्या वेळात जो कार्ड न्यायला वर आला, त्यानंच फ्रिज बंद केला.

मी शाळेत गणित शिकवलं. पोरं एकमेकांचं बघून उत्तर लिहायची, ते बरोबर उत्तरावरून कधी कळायचं नाही, चुकीवरून कळायचं. इथं चूक माझ्यासमोर भिंतीवर होती. चोराला फ्रिज कशाला बंद करायला पाहिजे?

३

जेवताना वर तिघे गेले होते. ह्यांचा सेट दुरुस्त करणारे मोहियोद्दीनभाई, दुपारच्या नमाजासाठी पलीकडच्या खोलीत. व्यंकटराव बिराजदार, लातूरचे, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे, ते "गच्चीवरची तार बघून येतो" म्हणून. आणि समीक्षा, बँकेत आहे, रेडिओविषयी व्हिडिओ करते, ती तारेचे फोटो काढायला. चौथी मी. मी चोरी केलेली नाही हे मला ठाऊक होतं, पण ह्यांना कुठं ठाऊक होतं?

सोमवारी सकाळी पोळ्या लाटत होते. लाटताना मला गुणगुणायची सवय. हे दारात आले, "श्श, विनीता, जरा शांतता ठेव, विचार करून राहिलोय." बघा! दुःखातसुद्धा आधी मला गप्प करायचं.

ती चाल मला कुठून लागली तेही सांगते. थंडीत ह्यांना ताप भरला होता. सेट रात्रभर सुरूच राहिला म्हणून पहाटे तो बंद करायला मी वर गेले, तर आत एक बाई गात होती. भाषा कळत नव्हती, पण लेकराला निजवत असावी तसं काहीतरी. मध्येच घंटा वाजली, एक माणूस दोन शब्द बोलला, परत ती गायला लागली. मी हात बटणावर ठेवून तशीच उभी राहिले, खाली दूध उतू गेलं. ह्यांना सांगितलं तर हे तापात तसेच वर पळाले. तोवर नुसती खरखर. "तू ऐकलंस? तू?" असं म्हणाले आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. मग पोलिसासारखी चौकशी सुरू. आधी घंटा की आधी माणूस? बाई एकटी होती की मागं वाजत होतं काही? मी आठवेल ते सांगितलं आणि विसरून गेले. चाल तेवढी राहिली.

पोळ्या झाकून ठेवल्या, पदर खोचला आणि ऑटोनं इतवाऱ्याच्या बाजारात गेले, मोहियोद्दीनभाईंच्या दुकानी.

"आओ भाभी," ते उठून उभे राहिले. डोळे लाल होते. "दत्तोपंतांना माझ्यावर शक आहे का? साफ सांगा."

"त्यांना माझ्यावर आहे. तुम्ही आपले चहा मागवा."

ते कसनुसं हसले. चहा आला. मी सरळच विचारलं, "भाई, तुम्हाला कधी हेवा वाटला का ह्यांचा?"

"वाटतो की. खोटं कसं बोलू? तो सेट कितीदा मेला होता, मी जिंदा केला. पण कार्डावर माझं नाव कुठंय? नाव दत्तोपंतांचं." त्यांनी बशीत चहा ओतला. "पर भाभी, ज्या घरी जाजम टाकून नमाज पढतो, तिथून उचलून आणू?"

"वर गेलात तेव्हा फ्रिज बंद केलात तुम्ही?"

"फ्रिज?" ते बघतच राहिले. "मी कशाला बंद करू? त्याचीच तर दवा करून गेलो ना मागच्या हप्त्यात! त्याच्या वायरीला मागं काळी कडी बसवली. आता तो फ्रिज चोवीस तास चालू द्या, रेडिओत आवाज येत न्हाई. दत्तोपंतांनी ऐकून बघितलं ना माझ्यासमोर."

माझा कप हातातच राहिला. हे त्या दिवशी उड्या मारत खाली आले होते खरे, "आता तुझं दूध नासणार नाही" म्हणत. मी लक्ष दिलं नव्हतं.

"कडी बसवल्याचं कुणाकुणाला ठाऊक होतं, भाई?"

"मला आणि दत्तोपंतांना. पाठीमागं हाय ती. कुणाला दिसणार?"

४

आता नीट मांडू. तो फ्रिज बंद करावासा कुणाला वाटेल? ज्याला आधी रेडिओ ऐकायचाय, आणि फ्रिज आवाज करतो अशी ज्याची समजूत आहे त्याला. चोर नुसता पेटी उघडून पळाला नव्हता. तो सवतीजवळ बसला होता, हेडफोन कानाला लावून.

ह्यांना गरज नव्हती, कडीचं ठाऊक होतं. मोहियोद्दीनभाईंनी ती स्वतः बसवलेली. मी माझ्याच कुल्फीचं पाणी कशाला करीन? राहिले दोघे.

समीक्षा बँकेतून सुटली तशी तिला गाठलं. पोरगी चटपटीत आहे, पण त्या दिवशी तिचंही तोंड उतरलं होतं.

"काकू, खरं सांगू का? कार्ड आलंय ऐकून मी जळाले," ती म्हणाली. "ही सगळी काका मंडळी माझ्या ऐकण्याला ऐकणंच मानत नाहीत. म्हणतात, तू फसवून ऐकतेस."

"फसवून म्हणजे ग?"

तिनं लॅपटॉप उघडला. "हे बघा. ह्या बटणावर दाबलं की ब्राझीलमधला सेट सुरू. तिथल्या एका माणसाच्या गच्चीवर तार आहे, त्याचा सेट आहे. मी इथून नुसता फिरवते. आवाज इंटरनेटवरून येतो."

"ऐकताना घरातलं काय काय बंद करतेस तू? पंखा, फ्रिज?"

ती हसायलाच लागली. "काहीच नाही! सेट ब्राझीलमध्ये आहे, काकू. आईनं इथं मिक्सर लावला तर त्याला काय फरक पडतोय?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. उरला एकच माणूस. मंगळवारी हे झोपेत असतानाच मी लातूरची एसटी धरली. स्वयंपाकघरात चिठ्ठी ठेवली नाही. शोधू देत.

५

व्यंकटरावांचं घर पूर्वी गावाबाहेर होतं म्हणे. आता चारी बाजूंनी शिकवण्यांची वसतिगृहं उठलीत. खिडकी खिडकीत दिवा, प्रत्येक मजल्यावर इन्व्हर्टर, जिन्यात पाणी गार करायची यंत्रं, आणि सगळीकडं पाठ करणारी पोरं. त्यात बिराजदारांच्या गच्चीवर आमच्या तारेच्या दहापट मोठा सांगाडा उभा होता, कावळे बसलेले.

व्यंकटराव बाहेर गेले होते. दार त्यांच्या बायकोनं, जगदेवीनं उघडलं. निलंग्याकडची, माझ्याहून लहान, बोलायला मोकळी.

"अय्यो वैनी, तुम्ही? एकट्याच? भांडून आलाव का काय?"

"तसंच समज."

"मग बसा. मी बी रोजच भांडतेय." तिनं शेंगदाण्याचे लाडू पुढं केले. "तुमच्याकडं बी हाय ना ती ब्याद? आमच्याकडं तर लई येडेपणा. ह्यांनी कानाला लावलं की फ्रिज बंद, पंखा बंद, देवापुढची दिव्याची माळ बंद. एकदा माझ्या बहिणीच्या घरी गेलो, तिथं ह्यांनी खिशातला छोटा रेडिओ काढला आणि तिचा फ्रिज न विचारता बंद केला! माझी मान खाली. त्यांना कळत बी न्हाई वैनी, हात आपला आपण जातोय बटणावर."

मी लाडू खाली ठेवला. जे मी नांदेडहून जोडत जोडत आणलं होतं, ते तिनं ताटात वाढून दिलं.

"आता तर काईच येत न्हाई त्यात," ती हळू आवाजात म्हणाली. "ही वसतिगृहं झाल्यापासून नुसतं भुंकतंय ते यंत्र. तरी बसत्यात. कालपासून तर जेवले बी न्हाईत."

फाटक वाजलं. व्यंकटराव आत आले, मला पाहिलं आणि हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही याल असं वाटलंच होतं मला."

६

मी प्रस्तावना केली नाही. कुल्फी, बटण, काळी कडी, समीक्षाचा ब्राझील, सगळं एका दमात सांगितलं. "ज्याला ऐकायची सवय आहे आणि कडीचं ठाऊक नाही, असा वर गेलेला माणूस एकच. कार्ड आणा."

जगदेवी दारात उभी होती. तिच्याकडं न बघता ते बोलायला लागले.

"मी चोरायला गेलो नव्हतो, वहिनी. नुसतं एकदा त्या खुर्चीत बसायचं होतं. माझ्याकडं इतका भारी सेट, इतकी मोठी तार, आणि वर्ष वर्ष सिएरा लुमिनाच्या जागेवर काटा लावून बसलो तर कानात काय? वसतिगृहाच्या दिव्यांची खरखर! आणि तिकडं शेवग्याला बांधलेल्या तारेवर दत्तोपंतांना ते मिळतं. फ्रिज कधी बंद केला मला आठवत पण नाही. हेडफोन लावला. वहिनी, काय शांतता होती हो तिथं! भरदुपारी काही लागणार नाही हे मला कळत होतं, पण ती शांतताच ऐकत बसलो. डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

"मग यायचं खाली."

"येतच होतो. पेटी दिसली. म्हटलं एकदा बघावं." त्यांचा आवाज कडक झाला. "बघितलं आणि डोकं फिरलं माझं. बनियनच्या आत घातलं आणि खाली येऊन मठ्ठा प्यायलो. नंतर दत्तोपंतांनी तुम्हाला विचारलं तेव्हा सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलं नाही."

"ह्यांचं नाव बघून इतकं जळलात?"

ते उठले, कपाटातून कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"त्यांचं नाव असतं तर सहन केलं असतं, वहिनी. मागची बाजू बघा."

पुढं डोंगर आणि त्यावर घंटा असलेलं एक छोटं घर होतं. मी कार्ड उलटलं. ऐकणाऱ्याच्या नावापुढं निळ्या शाईत, परक्या वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं: विनीता कंधारकर, नांदेड.

७

मी ते नाव पुन्हा एकदा वाचलं.

"ज्यासाठी मी म्हातारा झालो ते ह्या माणसाला मिळालं," व्यंकटराव म्हणत होते, "आणि त्यानं गंमत म्हणून बायकोच्या नावावर टाकलं! जिला रेडिओचा तिटकारा आहे तिच्या! हा माज नाही का?"

"गंमत नाही," मी म्हटलं. "मीच ऐकलं होतं. थंडीत, पहाटे. ह्यांनी नाही ऐकलं. हे येईपर्यंत गेलं होतं."

बाहेर पोरं रसायनशास्त्र पाठ करत होती.

"तुम्ही?" व्यंकटराव पुढं वाकले. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग कुठल्या कुठं गेला, नुसती भूक राहिली. "काय होतं, वहिनी? काय ऐकलंत तुम्ही? ते केंद्र आता बंद झालं. मला ते ह्या जन्मात ऐकायला मिळणार नाही."

खरं तर मला त्यांच्या तोंडावर बोलायचं होतं बरंच काही. वाटेत जमवून आणलं होतं. पण तो मोठा माणूस लेकरासारखा तोंडाकडं बघत होता. मी डोळे मिटले आणि पोळ्या लाटताना गुणगुणते ती चाल म्हटली. मध्ये थांबून सांगितलं की इथं घंटा वाजली, इथं तो माणूस बोलला. मग पुढची म्हटली. जगदेवी पदर तोंडाला लावून भिंतीशी बसली होती. व्यंकटरावांनी डोळे पुसले नाहीत.

"तिला मागं काही वाजत नव्हतं?" संपल्यावर त्यांनी विचारलं.

"नाही. एकटीच होती."

"एकटीच," ते म्हणाले आणि मान हलवली.

मी कार्ड पिशवीत घातलं. "आता तुमचा फोन काढा. भर पंगतीत ह्यांनी मला विचारलं होतं, आठवतं ना? त्या पंगतीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोला. तुमच्या कंपूचा व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आहे, त्यात."

त्यांचा चेहरा पडला. जगदेवी तिथूनच म्हणाली, "बोला की. चोरताना लाज न्हाई वाटली तवा."

ते बोलले. "मी व्यंकट बिराजदार. सिएरा लुमिनाचं कार्ड मी नेलं होतं. मोहियोद्दीनभाईंनी नाही, समीक्षानं नाही. वहिनींनी तर नाहीच. कार्ड त्यांचंच आहे." पुढं काही सुचेना म्हणून ते थांबले. मी म्हटलं, एवढं पुरे.

८

नांदेडला उतरले तर हे एसटी स्टँडवर उभे. शर्टाची बटणं खालीवर लागलेली. मी त्यांच्या पुढून गेले आणि ऑटोत बसले. ते मुकाट्यानं शेजारी बसले.

स्वयंपाकघरात आल्यावर कार्ड ओट्यावर ठेवलं. "स्वतःचं नाव का नाही घातलंत? कुणाला कळणार होतं?"

"मी ऐकलं नव्हतं," हे म्हणाले. जणू ह्यात विचारण्यासारखं काय आहे! "जळून राहिलो होतो तुझ्यावर. इतकी वर्षं मी बसतो आणि मिळालं कुणाला, तर दूध तापवायला ठेवून आलेल्या बाईला. आठ-दहा दिवस गेले राग जायला. मग तू सांगितलंस तसं लिहून धाडलं. रविवारी सगळ्यांसमोर तुझं नाव वाचायचं होतं मला."

"आणि तरी मलाच विचारलंत?"

"मला वाटलं, तू पेटी उघडून पाहिलंस. न विचारता तुझं नाव घातलं म्हणून चिडलीस. तुला त्या खोलीतलं काही आपलं म्हणून नकोच असतं ना." मग म्हणाले, "चुकलं माझं. लई चुकलं."

ह्या माणसाच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. तरी माझं मन लगेच विरघळलं नाही, मी काही कुल्फी नाही. मी कणीक काढली, परात घेतली. हे दारातच घुटमळत होते.

"व्यंकटचा मला वेगळा फोन आला होता," शेवटी म्हणाले. "त्याला तू ते गाणं म्हणून दाखवलंस?"

"हो."

"पूर्ण?"

"घंटेसकट."

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. माझ्या सवतीपायी उभा जन्म माझा जो जळफळाट झाला, तो आता त्यांच्या तोंडावर होता. "त्याला म्हणून दाखवलंस," ते म्हणाले. "मला कधी नाही."

"अहो, थंडीपासून रोज ह्या पोळपाटावर तेच गाऊन राहिलेय मी! आणि तुम्ही रोज येऊन म्हणता, श्श!"

ते ओट्याला टेकून खालीच बसले, आणि कार्ड उचलून मागची बाजू वाचायला लागले.

"आता म्हणशील?" त्यांनी विचारलं.

"इतक्या गोंगाटात? आधी पंखा बंद करा."

त्यांनी पंखा बंद केला.

"मोटार."

मोटार बंद झाली. फ्रिज राहू दे म्हटलं, त्यात दूध आहे. तरी वरून बारीक खरखर ऐकू येत होती. मी जिन्याकडं बोट केलं.

"आणि ती बया?"

ते गुडघ्यावर हात ठेवत जिना चढून गेले. वर बटणाचा खट्ट आवाज झाला, खरखर थांबली आणि घर शांत झालं. ते परत येऊन पाटावर बसले. मी पोळपाट पुढं ओढला, पहिली पोळी लाटायला घेतली आणि गायला लागले.